थोड्या पैशांतली भीती

आजचा विषय ऐकून काही शिक्षकमंडळींच्या कपाळाला आठी पडेल. आपण बोलणार आहोत भुताखेतांच्या आणि खुनाखुनीच्या स्वस्त चित्रपटांविषयी. इतिहासाच्या माणसाला असल्या सिनेमाशी काय कर्तव्य, असे कुणी विचारील. विचारणे रास्त आहे. राजे कुठे लढले हे बखरी सांगतात; पण साधी माणसे रात्री कशाला भीत होती, हे बखरीत लिहिलेले नसते. ते ओव्यांत सापडते, आजीच्या गोष्टीत सापडते, आणि अलीकडच्या पन्नास वर्षांपुरते बोलायचे तर जत्रेतल्या तंबूच्या पडद्यावरही सापडते.

याचे कारण अगदी व्यवहारातले आहे. ज्याच्यापाशी पैसा आहे, तो निर्माता मोठे नट घेतो, गाण्यांवर खर्च करतो, काश्मीरची बर्फाची शिखरे दाखवतो. ज्याच्यापाशी पैसा नाही, त्याच्याजवळ विकायला एकच जिन्नस उरतो, तो म्हणजे भय. आणि भय विकायचे तर गिऱ्हाईक खरोखर कशाला भिते, हे आधी ओळखावे लागते. उगाच कशालाही कोणी भीत नाही.

परदेशातही हेच घडले. १९६० साली आल्फ्रेड हिचकॉक या नामांकित दिग्दर्शकाने 'सायको' हा चित्रपट मुद्दाम कमी खर्चात, दूरचित्रवाणीच्या आपल्या मंडळींना हाताशी धरून काढला. कृष्णधवल चित्रपट तो. त्यात रक्त म्हणून चॉकलेटचा पाक वापरला होता. पुढे १९७८ साली जॉन कार्पेंटर या तरुणाने 'हॅलोवीन' काढला. सुरा घेतलेला मुखवटेधारी खुनी एकेकाला गाठतो, एवढीच कथा. तो मुखवटा दुकानातून दोन डॉलरांच्या आत विकत आणलेला. त्याला पांढरा रंग फासला, झाले काम! सगळा खर्च सुमारे तीन सव्वातीन लाख डॉलर, आणि उत्पन्न मात्र कोट्यवधींचे. अशा चित्रपटांना तिकडे 'स्लॅशर', म्हणजे सपासप वार करणारे, असे नाव पडले.

आता आपल्याकडे येऊ. या धंद्यात आपल्या मुंबईने एक अख्खे कुटुंब घातले. फतेहचंद रामसिंघानी यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. इंग्रज गिऱ्हाइकांना त्यांचे आडनाव उच्चारता येईना, म्हणून त्याचे 'रामसे' झाले, अशी हकिगत सांगतात. १९४७ साली फाळणी झाली, बिऱ्हाड मुंबईस आले, आणि लॅमिंग्टन रोडवर पुन्हा दुकान थाटले. दुकानाच्या जोडीला त्यांनी चित्रपटही काढले. १९७० सालच्या 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' या चित्रपटाने त्यांना बुडवले. परंतु त्यात पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा घालून चोरी करतात असा एक प्रसंग होता, आणि लोकांना काय तो तेवढाच आवडला. मुलांनी हे हेरले. लोकांना एवढा प्रसंग रुचतो, तर सगळा चित्रपटच तसा का काढू नये?

मुले सात. कुमार कथा लिहीत, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करीत, गंगू आणि केशू कॅमेरा सांभाळीत, किरण ध्वनी आणि अर्जुन संकलन. बाहेरच्या तंत्रज्ञांना पैसे मोजायची ऐपत नव्हती, म्हणून घरातल्या घरात कामे वाटून घेतली. आपल्याकडे सुगीच्या दिवसांत घरची माणसे शेतावर जशी राबतात, तसेच हे. १९७२ सालचा 'दो गज जमीन के नीचे' त्यांनी महाबळेश्वरला जाऊन चित्रित केला. बरोबर मोजकी माणसे, स्वयंपाकपाणी घरच्या बायकांकडे, दिवस सुमारे चाळीस आणि खर्च साडेतीन लाखांच्या आसपास. धुके डोंगराचे, अंधार रात्रीचा. या दोन गोष्टींना भाडे पडत नाही.

हे चित्रपट मोठ्या शहरांतल्या झकपक चित्रगृहांपेक्षा तालुक्याच्या गावी आणि खेड्यापाड्यांत अधिक चालले. त्या काळी महाराष्ट्रात जत्रा म्हटली की फिरता सिनेमा आलाच. ट्रकवर प्रोजेक्टर, कनात, लोखंडी खांब, भोंग्यावरून पुकारा, आणि रात्री उशिरापर्यंत खेळ. या तंबूंचे अखेरचे दिवस शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या २०१६ सालच्या माहितीपटात टिपून ठेवले आहेत. त्याची कान महोत्सवातही दखल घेतली गेली. तंबूत भयपट पाहणे आणि शहरात पाहणे यांत एक फरक आहे. शहरातला प्रेक्षक बाहेर पडतो तो दिव्यांच्या रस्त्यावर. तंबूतला प्रेक्षक बाहेर पडतो तो काळोखात, आणि त्याला ओढा ओलांडून वस्तीवर जायचे असते.

पण नुसत्या काळोखाने चित्रपट चालत नाही. १९८४ साली रामशांचा 'पुराना मंदिर' आला आणि तुफान चालला. त्यातला सामरी हा राक्षस अजूनही पुष्कळांच्या ध्यानात असेल. लोक राक्षसाचे बोलतात, आणि ज्या शापावर सगळी कथा उभी आहे तो मात्र विसरतात. राजाने सामरीचे शिर उडवले, तेव्हा त्याने शाप दिला, की तुझ्या वंशातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल.

जरा थांबून विचार करा. त्या काळी आपल्या खेड्यांतली किती बाळंतपणे घरीच, सुईणीच्या हातून होत! अडलेल्या बाईला बैलगाडीत घालून दवाखाना गाठायचा, आणि मध्ये नदीला पाणी. बाळंतपणात गेलेली बाई अळवंत होते, ही समजूत आपल्याकडे फार जुनी. पाचवीला सटवाईची पूजा करतात, तीही बाळ-बाळंतिणीच्या जिवाच्या धास्तीपोटीच. कराचीहून आलेल्या एका सिंधी कुटुंबाने मुंबईत बसून ही धास्ती नेमकी पडद्यावर आणली. तंबूतल्या आयाबायांना राक्षस खोटा होता. शाप मात्र ओळखीचा होता.

पुढे १९९३ साल उजाडले. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' मराठीत आला. खुनी तात्या विंचूचा आत्मा बाहुल्यात शिरतो, ही कल्पना १९८८ सालच्या एका अमेरिकन चित्रपटावरून सुचलेली. तरी बाहुला घडवला आपल्या रामदास पाध्ये यांनी, आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यामुळे मुले घाबरता घाबरता हसू लागली. रामशांनी त्याच सुमारास 'महाकाल' काढला. त्यातल्या खुन्याच्या पंज्याला सुऱ्या. हा तर सरळ अमेरिकन चित्रपटाचाच अवतार. पण एव्हाना भीती दूरचित्रवाणीवर घरबसल्या फुकट मिळू लागली होती. तंबू ओस पडत चालले.

मग हा प्रवाह आटला का? नाही. २०१७ साली विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' हा लहान खर्चाचा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात ना महाल, ना राक्षस. उसाच्या फडात मधोमध एक घर आहे, आणि त्यात येऊन राहिलेली एक गरोदर बाई आहे. तिची भूमिका पूजा सावंत यांनी केली. राहुरीकडच्या माणसाला ऊस काही नवा नाही. वाढलेल्या उसात दहा पावलांपलीकडचे माणूस दिसत नाही, आणि वारा सुटला की कोणी चालत आल्यासारखे वाटते, हे आपल्यातले पोरही सांगेल. चित्रपटातली भुते त्या फडातली आहेत. त्यांना भूत करणारी मात्र घरातलीच माणसे. त्यांना मुलगी नको असते.

हे भय हवेतले नव्हते. गर्भलिंगतपासणीला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ सालीच केला, देशात सर्वांत आधी. केंद्राचा कायदा १९९४ सालचा. तरीदेखील सहा वर्षांच्या आतल्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ च्या जनगणनेत ९४६ होत्या, त्या २००१ साली ९१३ झाल्या आणि २०११ साली ८९४.

म्हणजे पाहा, १९८४ साली बाळंतपणाची भीती होती ती शापाची, बाहेरून आलेल्या राक्षसाची. २०१७ साली गरोदर बाईला भीती आहे ती सासरच्या माणसांची. राक्षस बाहेरून घरात आला, हा तेहतीस वर्षांचा इतिहास आहे. तो कोणा पंडिताने ग्रंथात मांडण्याआधी स्वस्त भयपटांनी दाखवला.

या चित्रपटांत दोष पुष्कळ आहेत. बायकांचे उघडेवाघडे दर्शन आहे, मांत्रिकांचे स्तोम आहे, त्रिशूळ उगारला की संकट टळते अशी भाबडी शिकवण आहे. ज्या महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य वेचले, २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला, तिथे या दोषांकडे काणाडोळा करून चालणार नाही. पडद्यावरच्या भुताला तिकिटापुरते पैसे पडतात. भगताच्या अंगणातल्या भुतापायी मात्र कोंबडे जाते, दागिने जातात, कधी तापाने फणफणलेले पोर जाते.

म्हणून शिक्षकांना माझे एवढेच सांगणे आहे, की मुलांनी भुताचा सिनेमा पाहिला म्हणून त्यांना रागावू नका. मुखवटा कशाचा केला असेल, उजेड खालून टाकला की चेहरा भेसूर का दिसतो, हे वर्गात एक दिवा घेऊन करून दाखवा. भुताची अर्धी भीती तिथेच ओसरेल. मग विचारा, की या गोष्टीतली माणसे खरोखर कशाला भीत होती? त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मुले आपल्याच गावाविषयी बोलू लागतील, आणि ते ऐकून घेण्यासारखे असेल.