४०० यार्डांवर अडकलेलं इंटरनेट

एका श्रोत्याने विचारलंय, "ऑफिसच्या नेटवर्कचं ट्रॅफिक लाइव्ह बघायचंय, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" नाव सांगतो, पण आधी जरा मागे जाऊ.

ऑक्टोबर १९८६, कॅलिफोर्निया. लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली युनिव्हर्सिटी यांच्यात अंतर फक्त ४०० यार्ड. त्या वाटेवर सेकंदाला ३२,००० बिट जायचे, ते अचानक ४० वर आले. हजार नाही हां, नुसते ४०! चालत जाऊन चिठ्ठी दिली असती तरी लवकर पोचली असती.

लॅबमधला व्हॅन जेकबसन याच्या मागे लागला. गर्दीत पॅकेट अडकलं की कॉम्प्युटर तेच पुन्हा पाठवायचे, त्याने गर्दी आणखी वाढायची. त्यावरचा त्याचा उपाय १९८८ साली छापून आला. तो आजही तुमच्या फोनमधल्या टीसीपीच्या मुळाशी आहे. पण असलं काही पकडायचं तर एकेक पॅकेट दिसायला हवं ना! त्याच सुमारास त्याने क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅकॅन यांच्याबरोबर टीसीपीडम्प लिहिलं. दर पॅकेटमागे स्क्रीनवर एक ओळ, बस्स. पुढे त्यांनी चाळणी थेट कर्नलमध्ये बसवली, म्हणजे नको ती पॅकेटं प्रोग्रामपर्यंत येतच नाहीत. भरलेल्या लाइनवर लाइव्ह बघणं परवडतं ते यामुळे.

एमआरटीजीचा जन्म मात्र वेगळ्या प्रश्नातून झाला. १९९४ साली टोबियास ओटिकर इंग्लंडमध्ये लेस्टरच्या डी मॉन्टफोर्ट युनिव्हर्सिटीत होता. बाहेर जायला सगळ्यांना मिळून ६४ किलोबिटची एकच लाइन. ती किती भरलीय, हे सगळ्यांनाच बघायचं होतं. त्याने दर पाच मिनिटांनी राउटरचे आकडे घेऊन वेबपेजवर ग्राफ काढला.

या पाच मिनिटांनीच मला पहिल्या नोकरीत फसवलं. व्हिडिओ कॉल सारखे अडकायचे आणि ग्राफ मात्र शांत. आठवडाभर आम्ही इंटरनेटवाल्याशी भांडलो. शेवटी टीसीपीडम्प लावलं, तर दर मिनिटाला चार सेकंद एक बॅकअप स्क्रिप्ट अख्खी लाइन खात होती. ३०० सेकंदांत २० सेकंद, सरासरीत कोणाला दिसणार? आणि स्क्रिप्ट कोणाची? माझीच.

वायरशार्कची गोष्ट खिशाची. कॅन्सस सिटीत एका छोट्या इंटरनेट कंपनीत काम करणाऱ्या जेराल्ड कोम्ब्सला असंच टूल हवं होतं. बाजारातली टूल्स साधारण १,५०० डॉलरना, आणि त्यांच्या सोलारिस-लिनक्सवर चालतही नव्हती. मग १९९८ मध्ये त्याने स्वतःचंच फुकट देऊन टाकलं. तेव्हा नाव होतं इथरियल. २००६ मध्ये त्याने नोकरी बदलली, नावाचा हक्क मागेच राहिला, म्हणून वायरशार्क.

त्याच वर्षी, १९९८ मध्येच, इटलीतल्या पिसा इथे लुका डेरीने एन-टॉप काढलं. लाइन कोण खातंय, ते यात दिसतं.

तर मित्रा, तुला फक्त "लाइन कितपत भरते" हे हवं असेल, तर एमआरटीजीच्या घराण्यातलं काहीही चालेल. पण तू लिहिलंयस, "दुपारी मध्येच स्लो होतं". मग आधी एन-टॉपचा आजचा अवतार एन-टॉप-एनजी लाव, मशीन सापडलं की त्याच्यावर वायरशार्क. एचटीटीपीएसमुळे आतला मजकूर वाचता येणार नाही, पण कोण कोणाशी किती बोलतंय ते कळेल. आणि ऑफिसचं नेटवर्क आहे, तेव्हा आधी अ‍ॅडमिनची लेखी परवानगी घे बाबा!