अजामिळाची हाक आणि ‘कामीनो’

जबलपूर शहरात १८६८ पासून एका शाळेवर सेंट अलॉयशिअस हे नाव आहे. हा प्रदेश १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता; पुढे १८७० मध्ये मुंबईहून निघालेला आणि कलकत्त्याहून निघालेला लोहमार्ग याच गावी एकमेकांना मिळाले. शाळा त्या मीलनाच्याही दोन वर्षे आधीची. तिचे नाव पिढ्यान्‌पिढ्या या शहराच्या तोंडी बसले आहे. परंतु हा अलॉयशिअस कोण, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. रोज उच्चारल्या जाणाऱ्या नामामागची व्यक्ती हळूहळू अदृश्य व्हावी, हा नामाचा स्वभावच आहे.

अलॉयशिअस गोंझागा हा इटलीतील एका सरदारघराण्याचा थोरला मुलगा. जन्म १५६८ चा. वारसाहक्क धाकट्या भावाला सोडून देऊन त्याने १५८५ मध्ये येशूसंघात प्रवेश केला, आणि रोममध्ये साथीच्या रुग्णांची सेवा करीत असता १५९१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याच रोगाने तो मरण पावला. १७२६ मध्ये त्याला संतपद मिळाले आणि लवकरच तो विद्यार्थ्यांचा व तरुणांचा रक्षक-संत ठरला. त्याच्या चरित्रकारांनी त्याच्या सेवेइतकेच त्याच्या विरक्तीचे वर्णन केले आहे: बालपणीच घेतलेले ब्रह्मचर्याचे व्रत, आणि स्त्रीच्या मुखाकडे दृष्टी वर न करण्याचा नेम. कोवळे वय, आजार, प्रेमाचा त्याग आणि लवकर आलेला मृत्यू, या चार गोष्टींची एक आकृती त्याच्या चरित्रातून सिद्ध झाली आणि पुढे शेकडो वर्षे ती कॅथलिक घरांतील मुलांपुढे ठेवली गेली.

स्पेनचा दिग्दर्शक हाविएर फेसेर याने २००८ मध्ये केलेला ‘कामीनो’ हा चित्रपट याच आकृतीची परीक्षा घेतो. त्याचा विचार करण्यापूर्वी या आकृतीचा इतिहास थोडा पुढे न्यावा लागतो.

मूल संत होऊ शकते काय, हा प्रश्न चर्चला सोपा गेलेला नाही. धर्मासाठी मारल्या गेलेल्या बालकांची गोष्ट वेगळी. तेथे मृत्यू हाच पुरावा असतो. पण जे मूल अंथरुणावर पडून मरते, त्याचे सद्गुण असामान्य कोटीचे होते असे कशावरून म्हणावे? तेवढी समज आणि तेवढे स्वातंत्र्य त्या वयाला असते काय? १९१० मध्ये दहाव्या पायस यांनी प्रथम कम्युनियनचे वय खाली आणून सुमारे सात वर्षांच्या मुलालाही ईश्वराची ओळख असू शकते, हे मान्य केले. डॉमिनिक साव्हिओ हा १८५७ मध्ये चौदाव्या वर्षी वारलेला मुलगा १९५४ मध्ये संतपदाला पोहोचला. जबलपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तोही याच वर्षी. तरीही अशा लहान मुलांची प्रकरणे पुढे न्यावीत की नाहीत, याविषयी रोममध्ये दीर्घकाळ संकोच होता. १९८१ मध्ये ती वाट मोकळी झाली, आणि २०१७ मध्ये फातिमा येथील फ्रान्सिस्को व जासिंता ही दोन भावंडे संत म्हणून घोषित झाली. त्या दोघांना आजाराने नेले तेव्हा त्यांची वये दहा आणि नऊ होती.

वाट मोकळी झाल्यानंतर चारच वर्षांनी, ५ डिसेंबर १९८५ रोजी, पाम्प्लोना येथील रुग्णालयात अलेक्सिया गोंझालेस-बार्रोस ही चौदा वर्षांची मुलगी मरण पावली. मानेच्या कण्यातील दुर्धर अर्बुदाने काही महिन्यांतच तिचे शरीर निकामी केले होते. तिचे घर ‘ओपस देई’, म्हणजे ‘ईश्वराचे कार्य’, या संस्थेशी निगडित होते. होसेमारिया एस्क्रिव्हा या धर्मगुरूने १९२८ मध्ये माद्रिदमध्ये स्थापन केलेल्या या संस्थेची शिकवण अशी की, संसारातील रोजचे काम हेच साधन आणि दुःख ही ईश्वराला वाहण्याची वस्तू. अलेक्सियाने यातना श्रद्धेने सोसल्या, असे तिच्या भोवतालच्यांनी सांगितले. १९९३ मध्ये तिच्या संतपदाचे प्रकरण सुरू झाले.

एस्क्रिव्हाच्या सुभाषितवजा वचनांच्या ग्रंथाचे नाव ‘कामीनो’, म्हणजे ‘वाट’. स्पेनमध्ये हे मुलीचेही नाव असते. फेसेरने आपल्या अकरा वर्षांच्या नायिकेला हेच नाव दिले आणि चित्रपट अलेक्सियाच्या स्मृतीला अर्पण केला. मुलीची पाठ व मान दुखू लागते, निदान चुकत चुकत अखेर कण्यातील अर्बुदापाशी येते, शस्त्रक्रिया होतात, शरीर एकेक शक्ती गमावते. आई ग्लोरिया हे सारे ईश्वराची कृपा म्हणून स्वीकारते आणि मुलीनेही तसेच स्वीकारावे म्हणून झटते. वडील होसे भाबडे, प्रेमळ आणि मनातून गोंधळलेले आहेत. मोठी बहीण संस्थेच्या शिस्तीत घराबाहेर गेलेली आहे. आणि याच महिन्यांत कामीनोला पहिल्यांदा प्रेम होते. मुले ‘सिंड्रेला’ नाटक बसवीत आहेत. त्यातल्या एका मुलाकडे तिचे मन ओढले जाते. त्याचे नाव हेसूस. स्पॅनिश भाषेत ख्रिस्ताचे नाव तेच.

सारा चित्रपट या एका श्लेषावर उभा आहे. मरणासन्न मुलगी हेसूसचे नाव घेते, हेसूसपाशी जायचे आहे म्हणते. खाटेभोवतीचे धर्मगुरू आणि आई यांना त्यात परमेश्वराची ओढ ऐकू येते. शब्द एक, अर्थ दोन; आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणालाही दुसऱ्या अर्थाची शंकासुद्धा येत नाही. तो अर्थ ओळखण्याच्या थोडेफार जवळ जातात ते वडील, आणि त्यांना अपघात घेऊन जातो. मुलीच्या मृत्यूनंतर त्या खोलीत टाळ्या वाजतात. चित्रपटाचा आरंभ याच दृश्याने होतो. म्हणून पुढे पाहिलेल्या प्रत्येक हास्यावर त्या टाळ्यांची छाया पडत राहते.

अनुवादकापुढे येथे मोठीच अडचण उभी राहते. मराठीत मुलगा ‘हेसूस’ राहतो आणि देव ‘येशू’ होतो. शब्द दुभंगला की श्लेष मेला. गोमंतकात फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त ख्रिस्तकथेला ओवी दिली आणि स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले. पण असा उदार अनुवादकही या ठिकाणी हतबल झाला असता. मात्र जे कोशात सापडत नाही ते कधी कधी परंपरेत सापडते. मराठी वाचकाला ही कथा पूर्वीच ठाऊक आहे. ती अजामिळाची कथा होय.

भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळ हा कान्यकुब्जाचा भ्रष्ट ब्राह्मण. मरणकाळी यमदूत समोर दिसताच भयाने तो आपल्या लाडक्या धाकट्या मुलाला हाक मारतो. मुलाचे नाव नारायण. हाक मुलाला असते. धावून येतात ते विष्णुदूत. आमच्या संतांनी ही कथा नाममाहात्म्याचे प्रमाण म्हणून शतकानुशतके कीर्तनांतून व अभंगांतून सांगितली. वरवर पाहता ती आणि ‘कामीनो’ एकच वाटतात. प्रियजनाला मारलेली हाक देवाच्या नावे जमा होते. परंतु दोहोंमधील अंतर मोजले म्हणजे चित्रपटाचे मर्म हाती येते.

भागवतात हाकेचा अर्थ बदलतो तो देवाच्या दारी. विष्णुदूत हे जाणून आहेत की अजामिळाने मुलालाच हाक मारली; दुसऱ्या कशाचा संकेत म्हणून घेतलेले नामही तारक असते, असा त्यांचा वादच आहे. त्यांची फसगत झालेली नाही. त्यांनी सवलत दिली आहे, आणि ती देताना बापाचे मुलावरचे प्रेम खोटे ठरवलेले नाही. शिवाय अजामिळ लगेच मरत नाही. तो दूतांचा संवाद ऐकतो, आयुष्य परत मिळवतो, पश्चात्ताप करतो आणि गंगाद्वारी जाऊन उरलेला काळ स्वतःच्या समजुतीने घालवतो. आपल्या हाकेचा अर्थ काय झाला, हे त्याला कळते आणि त्यावर आपला निर्णय घेण्यास त्याला वेळ मिळतो.

कामीनोला हे काहीही मिळत नाही. तिच्या हाकेचा अर्थ माणसे लावतात, आणि दुसरा अर्थ शक्य आहे हे न जाणता लावतात. देव काय ऐकतो याविषयी चित्रपट मौन पाळतो. ते मौन हा त्याचा प्रामाणिकपणा म्हणावा लागेल. त्याचा आक्षेप नामावर नाही, श्रद्धेवरही नाही. जी श्रद्धा मुलाचे बोलणे पुरते होण्याआधीच त्याचा अर्थ ठरवते, तिच्यावर आहे.

ग्लोरियाला क्रूर ठरवून मोकळे होणे मराठी प्रेक्षकाला तरी सोपे जाऊ नये. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ने (१९३५) आणि आचार्य अत्रे यांनी त्यावर १९५३ मध्ये केलेल्या, राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळविणाऱ्या चित्रपटाने आपल्याला अशी आई दाखविली आहे की जिचे वात्सल्य आणि जिची कठोरता यांची फारकत करता येत नाही. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला शिंपटीने मारीत विहिरीकडे धाडणारी ती आईच. ग्लोरियाही मुलीला अशाच एका खोल पाण्यात उतरवू पाहते. ते पाणी तारील अशी तिची निष्ठा आहे. कारमे एलियास या अभिनेत्रीने हे दुःख इतक्या संयमाने दाखविले आहे की या आईचा राग येतो त्याच क्षणी तिची कीवही येते. भेद आहे तो निवेदकाचा. श्याम वाचला, मोठा झाला, आणि आईच्या माराचा अर्थ त्याने स्वतः सांगितला. आईने मुलाची कथा रचली नाही. मुलाने आईची रचली. कामीनोची कथा सांगायला उरते ती आई. अजामिळ आणि श्याम या दोघांनाही जे लाभले ते नंतरचे आयुष्य, म्हणजेच आपल्या बोलण्याचा अर्थ आपण लावण्याचा अधिकार, आजारी मुलाला लाभत नाही.

हाच निकष चित्रपटालाही लावला पाहिजे. २००९ च्या फेब्रुवारीत ‘कामीनो’ला उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि पटकथा यांसह सहा गोया पारितोषिके मिळाली, परंतु अलेक्सियाच्या भावंडांनी या चित्रणाला आणि अर्पणपत्रिकेलाही जाहीर आक्षेप घेतला. त्या आक्षेपात तथ्य आहे. हेसूस नावाचा मुलगा हे पटकथाकाराचे निर्माण आहे. जिवंत मुलीच्या शब्दांना भोवतालच्या मंडळींनी एक अर्थ दिला. तेवीस वर्षांनी कलावंताने त्यांना दुसरा दिला. पहिल्यांनी तिच्या हाकेत फक्त देव ऐकला, दुसऱ्याने त्या हाकेत मुलगा घातला. नायिकेचे नाव, वय आणि घर बदलून कलावंताने कल्पनेचे स्वातंत्र्य मिळविले होते. अर्पणपत्रिकेत खरे नाव घालून त्याने त्या स्वातंत्र्याची किंमत एका मृत मुलीकडून वसूल केली. आपल्या चरित्रात्मक कादंबरीकारांनाही ज्या नीतिप्रश्नाने छळले, तोच हा प्रश्न आहे, आणि येथे तो अधिक तीव्र आहे; कारण चौदा वर्षांच्या मुलीने मागे ठेवलेला शब्दसंभार तो किती असणार!

चित्रपट स्पेनमध्ये १७ ऑक्टोबर २००८ रोजी प्रदर्शित झाला. त्याच्या पाचच दिवस आधी, १२ ऑक्टोबरला, रोममध्ये केरळच्या अल्फोन्सा संतपदाला पोहोचल्या होत्या. १९१० मध्ये जन्मलेल्या या मुलीने ठरत असलेला विवाह टाळावा म्हणून कोवळ्या वयात आपले पाय विस्तवात भाजून घेतले. पुढे मठात तिचे आयुष्य दीर्घ आजारांत गेले आणि १९४६ मध्ये ते संपले. तिच्या या कृतीने आजचा वाचक हादरेल. पण एक गोष्ट नाकारता येत नाही. घर एक सांगत होते आणि मुलीने दुसरे केले. संतत्वाची वाट तिच्यावर कोणी लादली नव्हती; लादला जात होता तो विवाह. एकाच आठवड्यात जगापुढे आलेल्या या दोन कथा शेजारी ठेवल्या म्हणजे भक्ती विरुद्ध प्रेम हा झगडा मूळचा नव्हेच, हे ध्यानात येते. मूळ प्रश्न मुलाच्या संमतीचा आहे.

चर्चने आपला निर्णय आपल्या रीतीने पुढे नेला. जुलै २०१८ मध्ये अलेक्सियाला ‘पूज्य’ ही पदवी मिळाली. त्याआधी २०११ मध्ये तिच्यावर एक माहितीपटही निघाला होता. त्यामुळे आज तिच्या नावाच्या दोन मूर्ती आहेत: एक वेदीकडे नेणारी, एक पडद्यावरची. दोहोंच्या मध्ये कोठेतरी ती मुलगी आहे, आणि तिला यांपैकी कोणती पटली असती हे विचारण्याची सोय नाही.

अजामिळाच्या कथेचे श्रेष्ठत्व अखेर येथेच जाणवते. तीत नामाचा महिमा आहे, पण त्या महिम्यापायी मूळ हाक पुसलेली नाही. बाप मुलालाच बोलावीत होता, हे सांगूनच भागवतकार पुढे जातो. आजारी मुलाच्या खाटेशी बसणाऱ्या प्रत्येकाने, मग तो आई असो, धर्मगुरू असो वा कलावंत असो, एवढे तरी पथ्य पाळावे. शाळेच्या दारावरील नावामागेही एक तेवीस वर्षांचा मुलगा रोगी खांद्यावर घेऊन चालत होता; त्याला संत म्हणण्यापूर्वी तो कोणाची हाक ऐकून धावला, हे ऐकण्याचा प्रयत्न करावा.