खच्चीकरण : एक शब्द आणि एक भय

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांत भाताच्या चिखलणीचें जोत ज्यानें पाहिलें आहे, त्यास वळू आणि बैल यांतील भेद सांगावा लागत नाहीं. वळूची मान भरलेली, वशिंड उंच, स्वभाव मारका. बैल गरीब व कह्यांतला. खोंडास बडवून त्याचा बैल करण्याची ही विद्या फार जुनी. खच्ची केलेल्या पशूस ‘वध्रि’ हा शब्द ऋग्वेदांतही आढळतो. परिणाम असा हजारों वर्षें ठाऊक होता. कारण मात्र ठाऊक नव्हतें.

तें १८४९ सालीं गटिंगेन येथें बर्टहोल्ड या जर्मन पंडितानें शोधिलें. ज्या कोंबड्यांचे वृषण त्यानें काढून टाकले, त्यांचे तुरे सुकले व आरवणें आणि झुंजणें थांबलें. ज्यांच्या पोटांत वृषण पुन्हां बसविला, ते मात्र कोंबडेच राहिले. मूळच्या मज्जातंतूंशीं त्याचा संबंध तुटला होता. तेव्हां प्रभाव रक्तांतूनच पसरत असला पाहिजे, हें उघड झालें. १९३५ सालीं तें द्रव्य हातीं आलें व त्यास टेस्टोस्टेरोन हें नांव मिळालें.

मनुष्याचीही गोष्ट अशीच आहे. वयांत येण्यापूर्वीं दोन्ही वृषण गेले, तर आवाज फुटत नाहीं, दाढी येत नाहीं, आणि हाडांचीं टोकें उशिरां सांधल्यामुळें हातपाय लांब होतात. वयांत आल्यावर गेले, तर फुटलेला आवाज तसाच राहतो. परंतु कामेच्छा व स्नायू क्षीण होतात, हाडें ठिसूळ बनतात. एकच काढला व दुसरा निरोगी असला, तर बहुधा तेवढ्यानें भागतें. पुढें १९४१ सालीं शिकागोच्या हगिन्झ यांनीं दाखविलें कीं, प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग या शस्त्रक्रियेनें मंदावतो. त्याबद्दल १९६६ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

आम्ही मराठींत ‘खच्चीकरण’ म्हणजे धैर्य हिरावणें असें समजतों. पण मग मलिक काफूर आठवावा. तो खोजा होता, आणि तरीही देवगिरी व वरंगळ नमवून १३११ सालीं मदुरेपर्यंत पोंचला! ग्रंथि आणि पराक्रम या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

ही चूक केवळ भाषेची असती, तर आम्हीं लेखणी उचलली नसती. पुरुषाच्या नसबंदींत वृषणास हातही लागत नाहीं; फक्त शुक्रवाहिनी कापून बांधतात. टेस्टोस्टेरोन त्या नळीनें जातच नाहीं. तें थेट रक्तांत मिसळतें. म्हणून आवाज, बळ, इच्छा सर्व अबाधित राहतें. तथापि लोकांनीं नसबंदीस बैलाच्याच पंक्तीस बसविलें, आणि आणीबाणींतील सक्तीनें त्या भयास खतपाणी घातलें. फळ काय झालें? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकीं ३७.९ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पतीची झालेली अवघी ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी, तरी सुरी चालते ती स्त्रीच्या पोटावर!

याच जिल्ह्यांतील मुरूडच्या रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकांतून शरीराविषयीं उघड लिहिलें. समाजानें त्यांस नांवें ठेविलीं. ज्या विषयावर बोलणें असभ्य ठरतें, त्या विषयाचें अज्ञान सभ्य घरांतूनच जोपासलें जातें. आणि त्याची किंमत बहुधा तीच भरते, जिला बोलण्याची मुभा सर्वांत कमी असते.