कॉर्सेट घालताय? आधी दोरी सैल करायला शिका

'ब्रिजर्टन' मालिकेच्या पहिल्याच भागात एका मुलीला श्वास कोंडेपर्यंत कॉर्सेटमध्ये आवळलं जातं. गंमत म्हणजे मालिका घडते १८१३ मध्ये, आणि तेव्हाच्या झग्यांची कंबर थेट छातीखाली असायची. खरी कंबर दिसायचीच नाही, मग ती आवळून उपयोग काय? घट्ट आवळण्याचं वेड वाढलं ते नंतर, दोरी ओवायच्या भोकांना धातूच्या कड्या आल्यावर. कापड फाटेल ही भीती गेली आणि जोर लावून ओढता येऊ लागलं.

आज रील्समध्ये 'कॉर्सेट' म्हणून तीन वेगळ्या वस्तू दिसतात. स्टीलच्या पट्ट्या आणि मागे दोरी असलेलं खरं कॉर्सेट, साडी-लेहेंग्यावरचा प्लास्टिकच्या पट्ट्यांचा कॉर्सेट ब्लाउज, आणि रबरी 'वेस्ट ट्रेनर'. यातल्या कशानेही चरबी कमी होत नाही. काढल्यावर कंबर पुन्हा मूळ मापावर येते. प्लास्टिकच्या पट्ट्या जोरात आवळल्या की वाकतात आणि टोचतात, त्यामुळे कॉर्सेट ब्लाउज आवळण्यासाठी नाहीच. तो अंगाच्या मापाने शिवून घ्यावा.

माप कसं घ्यायचं?

कॉर्सेटवरचा आकडा हा ते मागून पूर्ण बंद झाल्यावरचा असतो. कंबर ३० इंच असेल तर पहिल्यांदा २६ पुरे. मागे दोनेक इंच फट राहते आणि ती राहायलाच हवी. फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसली पाहिजे. वर किंवा खाली फाकत असेल तर ते कॉर्सेट तुमच्या अंगाचं नाही, कितीही ओढलं तरी बसणार नाही.

घालताना

आधी बूट-चप्पल घाला, नंतर वाकता येत नाही! आत पातळ सुती बनियन हवा. दोरी पूर्ण सैल करून पुढचे हुक लावा आणि मगच मागून हळूहळू ओढा. वरच्या काठात दोन बोटं सहज गेली पाहिजेत, बसता-बोलता आलं पाहिजे. नवीन कॉर्सेट पहिला आठवडाभर रोज तास-दोन तासच, तेही सैलसर घालायचं. पोटभर जेवून घालू नका, घालून झोपू नका.

लग्नात सगळ्यात मोठी चूक होते ती गाठीची. मैत्रीण मागून पक्की गाठ मारते आणि गर्दीत ती सुटत नाही. साधं फुलपाखरू बांधा, स्वतःच्या हाताला लागेल असं. श्वास अपुरा वाटला, पायाला मुंग्या आल्या, छातीत जळजळलं किंवा चक्कर आली की फोटो राहू द्या, दोरी सैल करा. काढतानाही आधी दोरी, मग हुक. दोरी सैल न करता हुक ओढले तर पुढची पट्टी वाकते.

गरोदरपणात कॉर्सेट नकोच. हर्निया, तीव्र अॅसिडिटी, रक्तदाब किंवा पाठीचं दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. वाढत्या वयातल्या मुलींना तर मुळीच आवळू नये. बाळंतिणीचं पोट बांधायची आपल्याकडे पद्धत आहे, पण त्या पट्ट्याची जागा कॉर्सेट घेऊ शकत नाही. सिझेरियननंतर साधा पट्टाही डॉक्टरांनी सांगितला तरच.

जपायचं कसं?

वॉशिंग मशीनमध्ये कधीच नाही, बादलीत भिजवणंही नाही. आतलं स्टील गंजतं आणि डाग कापडावर येतात. घाम बनियनने टिपला की निम्मं काम झालं. काढल्यावर दोरी सैल ठेवून पंख्याखाली, सावलीत वाळवा. डाग पडला तर तेवढीच जागा ओल्या फडक्याने पुसा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं तर बुरशी ठरलेली. सुती पिशवीत सपाट ठेवा, आणि पट्टीचं टोक कापडातून बाहेर येऊ लागलं असेल तर शिवून घेतल्याशिवाय पुन्हा घालू नका.