तोफखान्याने सोडवलेलं एक गणित

माझ्या मिररलेस कॅमेऱ्यावर बहुतेक वेळा एकच लेन्स असते. फोग्टलेंडर सुपर वाइड हेलियार, १५ मिलिमीटर, एफ ४.५. वजन ३०० ग्रॅमच्या आत, फोकस हाताने करायचा. मेसमध्ये तरुण अधिकारी विचारतात, "सर, ऑटोफोकसच्या जमान्यात हे काय?" उत्तर देतो, पण आधी त्या लेन्सवर कोरलेल्या नावाबद्दल. त्या नावामागे आम्हा तोफखानावाल्यांचे काही जातभाई उभे आहेत, आणि त्यांची नावं कुठेच कोरलेली नाहीत.

योहान क्रिस्टोफ फोग्टलेंडर याने व्हिएन्नात उपकरणं बनवायला सुरुवात केली ती १७५६ साली. (इकडे त्याच वर्षी विजयदुर्ग पडला आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार बुडालं. मराठी माणसाला साल लक्षात ठेवायला हे बरं पडतं.) फोटोग्राफी तेव्हा जन्मालाही आली नव्हती. १८३९ मध्ये पॅरिसला दागेरचा शोध जाहीर झाला तेव्हा कारखाना नातवाच्या, पीटर विल्हेल्म फ्रिडरिख याच्या हातात होता.

दागेरच्या कॅमेऱ्याची अडचण एकच होती, उजेड. त्या वेळची लेन्स एफ १५ च्या आसपासची, त्यामुळे फोटोला काही मिनिटं लागत. इमारत तेवढा वेळ उभी राहते, माणूस हलतो. पॅरिसहून हा प्रश्न घेऊन आलेल्या एटिंग्सहाउझेन या प्राध्यापकाने तो व्हिएन्ना विद्यापीठातल्या योझेफ पेट्झवाल या गणितज्ञापुढे ठेवला. तोपर्यंत लेन्स कारागिराच्या अंदाजाने घडत असे. काच घासायची, बघायचं, पुन्हा घासायची. पेट्झवालने ठरवलं की काचेला हात लावण्याआधी सगळं कागदावर सोडवायचं.

हे बोलायला सोपं आहे. त्याच्या रचनेत चार भिंगं, पहिली दोन एकमेकांना चिकटवलेली. म्हणजे प्रकाशाला पार करायचे पृष्ठभाग सात. प्रत्येक पृष्ठभागावर किरण किती वळतो ते काढायचं, त्यासाठी साइन आणि लॉगॅरिदमचे तक्ते उघडायचे, आलेला आकडा पुढच्या पृष्ठभागाला द्यायचा. एक किरण झाला की दुसरा, मधला, कडेचा. प्रत्येक रंग वेगळा वळतो, म्हणून तेही वेगळे. शेवटी जमलं नाही तर एका भिंगाची गोलाई बदलायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

इतके हिशेब बिनचूक करणारी माणसं तेव्हा एका जागी कुठे मिळणार? तोफखान्यात. ऑस्ट्रियाच्या तोफखान्याचा प्रमुख आर्चड्यूक लुडविग याने हिशेबात तरबेज असलेले काही कॉर्पोरल आणि गनर पेट्झवालच्या दिमतीला दिले.

हा योगायोग नव्हता. युरी वेगा हा त्याच तोफखान्यातला अधिकारी, व्हिएन्नाच्या तोफखाना शाळेत गणित शिकवणारा. १७८९ साली बेलग्रेडच्या वेढ्यात त्याने उखळी तोफा चालवल्या आणि त्याच वर्षी पायची किंमत १४० दशांश स्थळांपर्यंत काढली, त्यातली १२६ बरोबर होती. त्याचे लॉगॅरिदमचे तक्ते पुढे कित्येक दशकं युरोपभर वापरात होते. ज्या तोफखान्याचे मास्तर असे, त्याच्या जवानांना आकड्यांची भीती कशाला वाटेल?

देवळालीच्या तोफखाना शाळेत शिकलेल्या कुणालाही हे लगेच पटेल. आमच्याकडेही गोळा कुठे पडणार हे तोफेपाशी ठरण्याआधी टेबलापाशी ठरतं. वारा, दारूचं तापमान, उंचीतला फरक, प्रत्येकाची दुरुस्ती वेगळी. एक आकडा चुकला तर गोळा आपल्याच माणसांवर. हा हिशेब करणारा आमचा टीए, टेक्निकल असिस्टंट, त्याचा फोटो कोणी काढत नाही. फोटो तोफेचा निघतो. आमच्या एका टीए हवालदाराला मी पेट्झवालची गोष्ट सांगितली तर त्याने सगळं ऐकून विचारलं, "साहब, काम के बाद उन्हें छुट्टी मिली होगी?"

१८४० मध्ये लेन्स तयार झाली. एफ ३.६, म्हणजे जुन्या लेन्सच्या साधारण सोळापट उजेड. माणसाचा चेहरा फोटोत पकडता येऊ लागला. पेट्झवालला एकरकमी मोबदला मिळाला, धंदा फोग्टलेंडरचा झाला, आणि दोघांचं असं बिनसलं की फोग्टलेंडरने १८४९ मध्ये जर्मनीत ब्राउनश्वाइगला नवा कारखाना थाटला. माझ्या मते कायद्याने फोग्टलेंडर चुकला नसेल, पण पेट्झवालचा राग मला समजतो. गनरांना तर भांडायलाही जागा नव्हती.

ही लेन्स मधोमध धारदार आणि कडेला घसरणारी होती. वाइड अँगलचं नेमकं उलट दुखणं, तिथे कड सांभाळायची असते. पण प्रतिमेचं प्रतल सपाट का राहत नाही, वाटीसारखं का वाकतं, याचा नियम पेट्झवालनेच मांडला. आजही लेन्स रचणारा आधी 'पेट्झवाल सम' बघतो.

आता माझी लेन्स. आरशाच्या कॅमेऱ्यात आरसा हलायला जागा लागते, म्हणून लेन्सची बैठक फिल्मपासून ४४-४६ मिलिमीटर दूर. १५ मिलिमीटरची लेन्स तिथून काम करायची तर ती लांबलचक आणि जड होते. आरसा गेला, सोनीच्या बैठकीत हे अंतर १८ मिलिमीटरवर आलं, आणि छोट्या वाइड लेन्सला पुन्हा घर मिळालं. तेही सुखासुखी नाही. १९९९ ची मूळ १५ मिलिमीटर फिल्मसाठी होती. तिचे तिरपे किरण डिजिटल सेन्सरच्या कडांवर जांभळट छटा आणत. २०१५ च्या तिसऱ्या आवृत्तीत ११ भिंगांची नवी रचना आली. पृष्ठभाग मोजले तर वीस. हिशेब अर्थातच संगणकाचा.

आणि ऑटोफोकस का नको? एफ ८ ठेवा, कडी एक मीटरवर लावा. अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट. पहाटे उणे तापमानात, जाड हातमोजे घालून, कड्यावरच्या आकड्यावर काम भागतं. अंतर अंदाजाने सांगायची सवय तर आम्हाला नोकरीनेच लावलेली आहे.

ब्राउनश्वाइगचा कारखाना १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडला. आजची फोग्टलेंडर जपानमध्ये, नागानो प्रांतातल्या नाकानो गावी, कोसिना कंपनी बनवते. 'हेलियार' हे नावही १९०० सालच्या पाच भिंगांच्या लेन्सचं, आतल्या रचनेशी त्याचा आता संबंध उरलेला नाही.