बैलाची मान ते ट्रॉलीची पिन

आजचा भाग ऐकताना रस्त्यावर असाल, तर समोरच्या उसाच्या ट्रॅक्टरपासून जरा अंतर ठेवा. का, ते पाच मिनिटांत कळेल.

मी जळकोटचा. तुळजापूर तालुका, नळदुर्गच्या पुढं, सोलापूर-हैदराबाद हायवेवर. गळीत हंगाम सुरू झाला की एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या आणि वर डोंगराएवढा ऊस, हे आमच्याकडचं रोजचं चित्र. हे सगळं ओझं ट्रॅक्टरला धरून ठेवतं कोण? एक लोखंडी पिन. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतो. एक गोष्ट तुटली की सगळंच गेलं.

ट्रॅक्टर यायच्या आधी या पिनेच्या जागी बैलाची मान होती. दोन चाकी बैलगाडी म्हणजे तराजूच. मधे चाकांचा आस, पुढं जू. माल पुढं जास्त भरला तर भार मानेवर येतो आणि खांदेसूज होते. मागं जास्त भरला तर गाडी उलाळते, जू वर उचललं जातं आणि बैलांचा गळा आवळतो. माझे आजोबा गाडी भरून झाली की दांडी हातानं उचलून बघायचे. किंचित जड लागली तरच बैल जुंपायचे. त्यांचं लोड टेस्टिंग ते!

गंमत बघा, आज अमेरिकेत कारमागं ट्रेलर ओढणारे हेच करतात. तिकडचा ढोबळ नियम असा की ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हूकवर हवा. कमी पडला तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडं झुलायला लागतो. जास्त झाला तर कार मागं बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. म्हणून तिथं 'वेट डिस्ट्रिब्यूशन हिच' वापरतात. तिच्या स्प्रिंगसारख्या पोलादी दांड्या हूकवरचा थोडा भार कारच्या पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात. पण भार वाटला म्हणून हूकची ताकद वाढत नाही. ठरवून दिलेली मर्यादा पाळावीच लागते.

ट्रॅक्टरला हा धडा माणसांचे जीव घेऊन मिळाला. 1917 मध्ये हेन्री फोर्डचा फोर्डसन ट्रॅक्टर आला. नांगर दगडाला अडकला, की मागची चाकं जोर लावतच राहायची, तोंड वर उठायचं आणि ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटायचा. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसननं यावर उपाय काढला. नांगर तीन दांड्यांनी जोडायचा. अडकला की वरची दांडी ट्रॅक्टरला पुढं रेटते आणि तोंड खालीच राहतं. 1926 मध्ये त्याला पेटंट मिळालं, 1939 मध्ये फोर्डच्या ट्रॅक्टरवर ही जोडणी आली आणि आज आपल्या शिवारातल्या ट्रॅक्टरमागंही तीच असते.

पण ही सोय नांगरासाठी आहे. ट्रॉली वरच्या दांडीच्या जागी अडकवली, तर ओढ मागच्या आसाच्या वरून लागते आणि पुन्हा तोंड उचललं जातं. म्हणून ट्रॉली खालच्या हूकलाच लावायची.

एका हंगामात आमच्या ओळखीतल्या एकानं पिन हरवली म्हणून सळईचा तुकडा घातला होता. चढावर तो वाकला, निसटला आणि भरलेली ट्रॉली मागं सुटली. मागं मोटरसायकलवाला नव्हता, एवढंच नशीब.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदेमळणी करतो. वर्षभर ओझं वाहिलेल्या खांद्याला हळद आणि लोणी लावतो. बैलाची मान सुजली की दिसायची, तो थांबायचा. पिन झिजली तर बोलत नाही, ती एकदम तुटते. मग तिची खांदेमळणी कोण करणार?

तुमच्या घरी ट्रॉली असेल, तर आज पिन काढून बघा. झिजलीय? वाकलीय? लॉकची क्लिप आहे? सेफ्टी चेन आहे? हा भाग गावाकडच्या ग्रुपवर नक्की टाका. भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा!