बाळाचे जोडनाव ठेवताना...

बारशाच्या आदल्या रात्रीपर्यंत नाव ठरत नाही, हा अनुभव मराठी घरांना नवा नाही. वडिलांच्या आईला एक नाव हवे असते, आईच्या आईने दुसरेच मनाशी धरलेले असते आणि दोघींपैकी कोणालाही दुखवणे आई-बाबांना नको असते. यावर काही कुटुंबे एक तोडगा काढतात. 'ईशा' आणि 'मुक्ता' यांतून एक निवडण्याऐवजी 'ईशा-मुक्ता' असे जोडनाव ठेवले जाते. आत्या तेच बाळाच्या कानात सांगते आणि दोन्ही आज्यांचे समाधान होते. खरा प्रश्न पुढे, पहिला सरकारी अर्ज भरताना उभा राहतो. हे नाव एक की दोन? आणि दोन असतील, तर दुसरे कोणत्या रकान्यात लिहायचे?

नावे अनेक, व्यवहारात एक

एका व्यक्तीला अनेक नावे असणे आपल्या परंपरेला मान्य आहे. नामकरणाच्या विधीत देवतानाव, मासनाव, नक्षत्रनाव आणि व्यावहारिक नाव असे प्रकार सांगितले जातात. नक्षत्रे २७ आणि प्रत्येकाचे चरण चार, अशा १०८ चरणांना अक्षरे नेमून दिलेली आहेत. जन्माच्या वेळच्या चरणाचे अक्षर घेऊन जन्मनाव, म्हणजेच नावरस नाव, ठेवण्याची पद्धत आहे. हे नाव पत्रिकेत राहते. शाळेत आणि व्यवहारात मात्र एकच नाव चालते.

विवाहानंतर स्त्रीचे नाव बदलण्याच्या प्रथेतही दोन नावे होती. पण ती एकामागून एक येत. डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५-१८८७) यांचे माहेरचे नाव यमुना होते. लग्नानंतर 'आनंदी' आले आणि 'यमुना' मागे पडले. दोन्ही नावे एका ओळीत, एकाच वेळी लिहिण्याचा प्रसंग क्वचितच येई. आजचे जोडनाव वेगळे आहे ते नेमके याच बाबतीत.

एकत्र लिहिलेली जुनी जोडनावे

दोन नावांचे एक नाव करण्याची रीत मराठीला परकी नाही. रामकृष्ण, हरिहर, सीताराम, राधाकृष्ण, उमाशंकर, लक्ष्मीनारायण ही सर्व नावे दोन नावांच्या मिलाफातूनच तयार झाली आहेत. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर (१८३७-१९२५) यांच्या नावात दोन दैवते आहेत. पण 'कृष्ण' हे त्यांच्या वडिलांचे नाव असावे, असे कोणाला वाटत नाही. याचे कारण साधे आहे. सामासिक शब्द मराठीत सलग लिहिला जातो. दोन पदांमध्ये मोकळी जागा नसल्याने नाव तुटत नाही.

गोव्याच्या ख्रिस्ती समाजात पोर्तुगीज वळणामुळे वेगळी रीत रुजली. तेथे एकाहून अधिक नावे सुटी लिहिली जातात. संमोहनशास्त्राच्या इतिहासात स्थान मिळवणारे आबे फारिया (१७५६-१८१९) यांचे नाव जुझे कुस्तोदियो द फारिया असे होते. व्यंगचित्रकार मारियो मिरांडा (१९२६-२०११) यांच्या पूर्ण नावात मारियोनंतर जुआंव आणि कार्लोस ही नावेही येतात. जगाने मात्र त्यांना 'मारियो' एवढ्याच नावाने ओळखले.

युरोपातील काही देशांत याचे नियमच ठरलेले आहेत. फ्रान्समध्ये 'जाँ-पॉल' किंवा 'मारी-क्लेर' अशा नावांत मधली आडवी रेघ, म्हणजे संयोगचिन्ह, महत्त्वाची मानली जाते. ती असेल तर दोन्ही पदे मिळून एक नाव होते. तत्त्वज्ञ जाँ-पॉल सार्त्र यांना नुसते 'जाँ' म्हणणे म्हणजे त्यांचे अर्धेच नाव घेणे होय. स्पेनच्या नोंदणी कायद्यानुसार मुलाला जास्तीत जास्त दोन साधी नावे किंवा एक जोडनाव देता येते. नाव एक की दोन, हा प्रश्न तेथे नोंदीच्या वेळीच सुटतो.

मराठी नावाची चौकट

महाराष्ट्रात अडचण येते ती आपल्या नावाच्या रचनेमुळे. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ही तीन पदांची चौकट इतकी अंगवळणी पडली आहे, की दुसऱ्या जागी येणारा शब्द वडिलांचाच, असे वाचणारा गृहीत धरतो. 'राम विठ्ठल' असे सुटे जोडनाव असलेल्या मुलाच्या वडिलांचे नाव विठ्ठल ठरण्यास वेळ लागत नाही.

या चौकटीत २०२४ मध्ये आणखी एका पदाची भर पडली. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव शासकीय दस्तऐवजांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव या क्रमाने लिहिण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने त्या वर्षीच्या मार्चमध्ये घेतला. आईला कागदोपत्री स्थान देणारा हा निर्णय महत्त्वाचा आहे. जोडनाव ठेवणाऱ्यांनी मात्र त्याचा एक परिणाम ध्यानात घ्यायला हवा. 'ईशा मुक्ता' असे सुटे लिहिले, तर 'मुक्ता' हे आईचे नाव समजले जाण्याचा संभव आहे. मग खऱ्या आईचे नाव वडिलांच्या जागी सरकते आणि चार पदांच्या रकान्यांत पाच शब्द बसवताना एखादा गळतो.

जन्मनोंद हा पाया

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार जन्माची माहिती २१ दिवसांत द्यावी लागते. त्या वेळी नाव ठरलेले नसेल, तर नावाविना नोंद होऊ शकते. नोंदणीनंतर १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क दाखल करता येते; त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून ते देण्याची तरतूद नियमांत आहे. याचाच अर्थ, घरात एकमत झालेले नसताना रुग्णालयातील अर्जावर घाईने नाव लिहून देण्याची आवश्यकता नाही.

एकदा लिहिलेले नाव बदलणे मात्र सोपे नाही. अधिनियमाचे कलम १५ हे चुकीच्या नोंदी दुरुस्त करण्यासाठी आहे. लेखनात चूक झाली असेल तर त्याचा आधार घेता येतो; पालकांचा विचार बदलला, ही चूक ठरत नाही.

या नोंदीचे महत्त्व २०२३ च्या दुरुस्तीने वाढले आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी अशा अनेक कामांत जन्माची तारीख व ठिकाण सिद्ध करण्यास जन्म प्रमाणपत्र हाच दस्तऐवज आहे. साहजिकच त्यावरील नाव आणि अन्य कागदांवरील नाव जुळणे अगत्याचे ठरते. आधार कार्डावरील नावातही सर्वसाधारणपणे आयुष्यात दोनदाच बदल करता येतो.

पासपोर्टवर रेघ टिकत नाही

संयोगचिन्ह घातले म्हणजे काम झाले, असेही नाही. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. आंतरराष्ट्रीय नियमानुसार त्यांतील प्रत्येक ओळीत ४४ जागा असून, पहिल्या ओळीतील ३९ जागा आडनाव व नावासाठी असतात. तेथे मोकळी जागा आणि संयोगचिन्ह या दोहोंच्या ठिकाणी एकच भरणचिन्ह छापले जाते. त्यामुळे 'ईशा मुक्ता' आणि 'ईशा-मुक्ता' यांत यंत्राला फरक दिसत नाही. 'ईशामुक्ता' असे सलग लिहिलेले नाव तेवढे अखंड राहते. नाव फार लांबले तर शेवटची अक्षरे या ओळीत मावत नाहीत. केवळ 'लक्ष्मीनारायण' हे नाव रोमन लिपीत १४ जागा घेते, हे लक्षात ठेवलेले बरे.

बारशापूर्वी काय ठरवावे?

- नाव सलग, संयोगचिन्हाने की सुटे लिहायचे, हे आधी ठरवावे. अखंड राहण्याच्या दृष्टीने सलग नाव सर्वांत सुरक्षित. सुटे नाव तुटण्याची शक्यता सर्वाधिक.
- नाव आई, वडील व आडनावासह एकदा मोठ्याने वाचावे आणि रिकाम्या अर्जावर लिहून पाहावे.
- देवनागरी आणि रोमन लिपीतील लेखन एका कागदावर लिहून ठेवावे व जन्मनोंद, आधार, शाळा, पासपोर्ट या सर्व ठिकाणी तेच वापरावे. 'ई'साठी रोमन लिपीत कोणते अक्षर घ्यायचे, यासारखी बाबही ठरवून टाकावी.
- जन्म प्रमाणपत्र हाती येताच प्रत्येक अक्षर तपासावे. चूक असल्यास ती दुसऱ्या कागदावर उतरण्यापूर्वीच दुरुस्तीचा अर्ज करावा.
- दुसरे नाव केवळ घरात हाक मारण्यासाठी हवे असेल, तर ते कागदावर आणण्याची गरज आहे का, याचा विचार करावा. नावरस नावाप्रमाणे तेही घरात सुखाने नांदू शकते.

जोडनाव दोन घरांचा मान राखण्यासाठी ठेवले जाते. सुटे लिहिलेले असेल तर रकान्यात जागा अपुरी पडताच गळतो तो बहुधा दुसरा शब्द, आणि त्याबरोबर एका आजीची हौसही. मूल मोठे होऊन परीक्षेचा अर्ज भरू लागते, तेव्हा एका कागदावर 'ईशा', दुसऱ्यावर 'ईशा मुक्ता' आणि तिसऱ्यावर 'ईशामुक्ता' या तिन्ही आपणच आहोत, हे सिद्ध करण्याची धावपळ त्याच्या वाट्याला येते. बारशापूर्वी घरातल्या मंडळींनी अर्धा तास एकत्र बसून लेखन ठरवले, तर ती टळू शकते.